ठरवलं एक, झालं भलतंच. सेवेत बेत मोडला की 'प्रभूची योजना' शोधायची कुठे?

डोंगरवाट (धागाकर्ता)

जय ख्रिस्त मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज विचारतोच.

सेमिनरीतून (पाळक घडवणाऱ्या शाळेतून) बाहेर पडलो तेव्हा शहरातल्या कॉलेजच्या पोरांमध्ये काम करायचं ठरलं होतं. खेड्यातून शिकायला आलेल्या मुलांसाठी अभ्यासिका, शनिवारी शास्त्राभ्यास, असा आराखडा लिहून दिला होता आणि कमिटीने माना डोलावल्या होत्या. जूनमध्ये पत्र हातात पडलं ते बीड-नगरच्या शिवेवरच्या एका मंडळीचं, म्हणजे चर्चचं. कारण काही नाही, फक्त 'रुजू व्हावे'.

आलो. इथेही बेत आखलाच. नाताळच्या आठवड्यात संडेस्कूलचं शिबिर, मुलांची नाटिका, तरुणांची गायनमंडळी. दिवाळी झाली आणि गाव उठलं. ऊसतोड. मुकादमाची उचल घेतलेली, त्यामुळे राहायचा प्रश्नच नाही. आई-बाप गेले की लेकरंही जातात. मागच्या रविवारी उपासनेला म्हाताऱ्या आजीबाई, दोन आजोबा आणि एक शेळी (शेळी दारातूनच परत गेली).

ज्याला सांगावं तो म्हणतो, 'पास्टर, यात प्रभूची काहीतरी योजना असेल.' असेलही. मी नाकारत नाही. पण या वाक्याचं मी करू काय? वाट बघत बसू, की परत बदली मागू?

निवृत्त_मास्तर

डोंगरवाट, तुमच्या वयाला असं वाटणं स्वाभाविक आहे. जरा पंडिता रमाबाईंकडे पाहा.

रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. कानांनी साथ दिली नाही, बहिरेपण वाढत गेलं आणि वैद्यकीचा विचार सोडावा लागला. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला हजर होत्या. ज्या पदवीसाठी आपण घर सोडलं ती आपल्याच नात्यातल्या दुसऱ्या मुलीला मिळताना त्यांनी पाहिली. मनात काय आलं असेल ते त्याच जाणोत. पण वैद्यकी सुटली म्हणून त्या शिक्षणाकडे वळल्या, आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन उभं राहिलं. पुढे ते पुण्याला आलं.

तिथेही ठरवल्याप्रमाणे झालं नाही. सदनाला चार पैसे मिळावेत म्हणून त्यांनी केडगावला जमीन घेतली होती, फळबाग करायला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून अनाथ मुली आणि विधवा घेऊन आल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग, सरकारी निर्बंध, इतक्या मुलींना शहरात ठेवता येईना. मग न्यायच्या कुठे? त्या बागेत. आंब्या-संत्र्यांसाठी घेतलेल्या जमिनीवर मुक्ती मिशन झालं. दौंडच्या बाजूने आगगाडीने जाताना केडगाव स्टेशन लागतं, कधी उतरून पाहा.

बाग आधी घेतली होती, दुष्काळ नंतर आला. मला यात हात दिसतो.

प्रश्नचिन्ह

मास्तर, आदर आहे, पण थोडं थांबा. दुष्काळात माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. मुक्ती मिशन व्हावं म्हणून देवाने तो दुष्काळ योजला, असं तुम्हाला म्हणायचंय का? नसेल तर 'हात दिसतो' म्हणजे नेमका कशात दिसतो ते सांगा.

आणि धागाकर्त्याच्या बाबतीत तर साधी गोष्ट आहे. कमिटीने आधी एक कबूल केलं, मग कारण न देता दुसरीकडे पाठवलं. हा माणसांचा कारभार आहे. माझे वडील पाळक होते. आमच्या घरात ट्रंका कधी पूर्ण उघडल्याच नाहीत. प्रत्येक बदलीला वरचे लोक 'प्रभूची इच्छा' म्हणायचे, आणि ज्यांचे नातेवाईक कमिटीत होते त्यांच्याबाबत प्रभूची इच्छा नेहमी रेल्वे स्टेशनजवळच्या मंडळीचीच असायची.

सुवार्तावाणी

आमेन. प्रभू योग्य वेळी दार उघडेल. प्रार्थनेत आठवण ठेवतो पास्टर.

शाईचा_डाग

वाचतोय. जुन्या मिशनच्या कागदपत्रांत थोडं डोकं घातलेलं असल्यामुळे एक प्रकरण सांगतो. आपल्यापैकी बऱ्याच मंडळ्यांचं मूळ त्यातच आहे, आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत मोडलेल्या बेतांचंच आहे.

फेब्रुवारी १८१२ मध्ये अमेरिकेतून तरुण मिशनऱ्यांची पहिली तुकडी दोन जहाजांनी कलकत्त्याला निघाली. जडसन आणि न्यूएल ही जोडपी एका जहाजात. गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट व त्यांची पत्नी रॉक्साना, आणि ल्यूथर राइस दुसऱ्यात. ते पोहोचले तेव्हा कंपनी सरकारने सांगितलं, चालते व्हा. त्यातच जूनमध्ये इंग्लंड-अमेरिका युद्ध पेटलं, म्हणजे हे आता शत्रुराष्ट्राचे नागरिक. बंगालमधल्या श्रीरामपूरला ज्यांनी त्यांना आसरा दिला त्या विल्यम कॅरींचा छापखाना त्याच वर्षी मार्चमध्ये जळाला होता. (अवांतर: हे कॅरी मूळचे ताहितीला जायचं म्हणत होते. बंगालमध्ये आले, आणि तिथे बसून १८०५ साली मराठीचं व्याकरण आणि १८१० साली मराठी कोश काढला. महाराष्ट्रात काम न करता!)

मग ही तुकडी फुटली. जडसन पतिपत्नींचं समुद्रप्रवासातच बाप्तिस्म्याबद्दलचं मत बदललं होतं (तो तान्ह्या बाळांना नको, विश्वास ठेवणाऱ्या मोठ्यांनाच द्यावा). त्यांनी कलकत्त्यात पुन्हा बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ज्या बोर्डाने पाठवलं त्याच्याशीच काडीमोड. ते फिरत फिरत १८१३ मध्ये रंगूनला पोहोचले. राइस त्यांच्याच मताचे झाले आणि अमेरिकेला परतले. न्यूएल पतिपत्नी मॉरिशसकडे निघाली. हॅरिएट न्यूएल गरोदर होती. जहाजातच मूल झालं आणि गेलं, आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी पोर्ट लुईला तीही क्षयाने गेली. वय १९.

हॉल आणि नॉट यांना इंग्लंडला परत धाडायचा हुकूम झाला होता. तो चुकवून ते मुंबईच्या जहाजात बसले आणि ११ फेब्रुवारी १८१३ ला इथे उतरले. मुंबईतही तेच, निघा. एकदा गुपचूप कोचीनपर्यंत गेले, तिथून सिलोन गाठायचं होतं, तर धरून परत आणले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन मनाने बरा माणूस, पण हुकूम वरचा. हॉल अर्जावर अर्ज करत राहिले. शेवटी राहायची परवानगी मिळाली, आणि १८१३ च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांची वाट जरा मोकळी झाली. १८१४ मध्ये एकटे न्यूएलही मुंबईत आले.

त्यानंतरचं तुम्हाला माहीत आहे. १८१७ पासून मिशनच्या छापखान्यातून मराठी मजकूर बाहेर पडू लागला. १८२४ ला मुंबईत मुलींची शाळा. १८२६ ला मराठी नवा करार. १८३१ ला नगरचं काम. पुढे जोतिराव फुल्यांनी मुलींच्या शाळा पाहिल्या त्या नगरला, मिस फरारबाईंच्या.

पण हे सगळं पाहायला कोण उरलं? न्यूएल १८२१ ला पटकीने गेले. नॉट तर १८१५ लाच तब्येतीपायी परतले होते. हॉल मार्च १८२६ मध्ये नाशिक-त्र्यंबकच्या बाजूला फिरतीवर होते. तिकडे पटकीची साथ होती. जवळची औषधं लोकांना वाटून टाकली आणि परतीच्या वाटेवर डोळी धापूर नावाच्या गावी देवळाच्या ओवरीत त्याच रोगाने गेले. वय ४१.

तेव्हा डोंगरवाट, योजना दिसते ती मला, दोनशे वर्षांनी, खुर्चीत बसून. हॉलना काय दिसत होतं? एक हुकूम, एक अर्ज, परत एक हुकूम. ते त्या हुकुमांमध्ये देवाचा अर्थ शोधत बसले नाहीत. परवानगी येईपर्यंत मराठी शिकत राहिले.

वसईची_लेक

आमच्याकडे कॅथलिकांत फादरांची बदली ही नेहमीचीच, आज्ञापालनाचं व्रतच असतं. लोक रडतात, हार घालतात, आणि पुढच्या रविवारी नव्या फादरांच्या प्रवचनाला नावं ठेवतात.

पण शाईचा_डाग यांचं वाचून संत फ्रान्सिस झेवियर आठवले. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस आणि त्यांच्या सोबत्यांनी (झेवियर त्यांतलेच) १५३४ ला पॅरिसमध्ये व्रत घेतलं ते जेरुसलेमला जायचं. १५३७ मध्ये व्हेनिसला जहाजाची वाट बघत बसले, तुर्कांशी लढाई सुरू, जहाज नाही. मग रोमला गेले. विशेष म्हणजे जेरुसलेम जमलं नाही तर पोपना जाऊन भेटायचं, ते पाठवतील तिकडे जायचं, हे मूळ व्रतातच होतं. बेत आखतानाच त्याच्या मोडण्याला जागा ठेवलेली.

आणि हिंदुस्थानला यायचं होतं ते बोबादिल्या नावाच्या सोबत्याने. १५४० मध्ये तो ऐनवेळी आजारी पडला. झेवियर हे बदली उमेदवार! एका दिवसात बोचकं बांधून निघाले, ६ मे १५४२ ला गोव्यात. शेवटी चीनला जायची तळमळ होती, तर किनाऱ्यासमोरच्या बेटावर जहाजाची वाट पाहत ३ डिसेंबर १५५२ ला प्राण सोडला. चीनच्या मुख्य भूमीवर पाऊल पडलंच नाही.

प्रश्नचिन्ह

वसईची_लेक, छान लिहिलंत. पण त्याच झेवियरनी १५४६ ला पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन (श्रद्धा तपासून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय) मागितलं होतं. ते १५६० ला आलं, त्यांच्या पश्चात. ज्यांच्यावर ते आलं त्या गोंयकारांना बोबादिल्याच्या आजारपणात कसली योजना दिसली असती?

हाच माझा मुद्दा आहे. आणि हॅरिएट न्यूएल. तिच्या चरित्राने म्हणे अमेरिकेत कितीतरी जणींना मिशनची हाक ऐकू आली. येऊ दे. म्हणून १९ वर्षांच्या पोरीचं आणि पाच दिवसांच्या बाळाचं मरण हे त्या हाकेसाठी लागलेलं सामान ठरत नाही. दुसऱ्याच्या दुःखातून आपल्या सेवेचा अर्थ काढणं मला फार स्वस्त वाटतं.

शाईचा_डाग

इन्क्विझिशनचं बरोबर आहे, आणि आपण हे सहसा बोलत नाही. हॅरिएटबद्दलही सहमत.

निवृत्त_मास्तर

प्रश्नचिन्ह, उशिरा उत्तर देतोय, चष्मा दुरुस्तीला होता.

तुम्ही विचारलंत हात कशात दिसतो. दुष्काळात नाही. दुष्काळ देवाने योजला असं मी म्हणणार नाही, आणि रमाबाईही पोटाला चिमटा घेऊन वाढलेल्या. त्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळाच्या भटकंतीतच गेले होते. म्हणून तर दुसऱ्यांची लेकरं पाहून त्यांना घरी बसवेना. हात मला दिसतो तो त्या न बसवण्यात. बाग हाताशी होती, ती त्यांनी बाग म्हणून धरून ठेवली नाही.

आता शास्त्रातलं. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६. पौल आशिया प्रांतात (खंड नव्हे, आजच्या तुर्कस्तानातला रोमन प्रांत) वचन सांगायला निघतो, पवित्र आत्मा अडवतो. बिथुनियाकडे वळतो, तिथेही अडवणूक. का, ते हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने लिहिलेलं नाही. पौलालाही कारण दिलं गेल्याचं दिसत नाही. त्रोवसला रात्री दृष्टांतात मासेदोनियाचा एक पुरुष दिसतो, आमच्याकडे येऊन साहाय्य कर म्हणतो. हे फिलिप्पैला जातात. तो पुरुष कुठेच नाही! नदीकाठी काही बायका बसलेल्या, त्यांत लुदिया, जांभळी वस्त्रं विकणारी. ती राहणारी कुठली? थुवतीराची. थुवतीरा आशिया प्रांतातच येतं. जिथे जायला बंदी झाली तिथलीच बाई परक्या गावात पहिली विश्वासणारी निघाली.

आणि बंद दार कायमचं बंद नव्हतं. १९ व्या अध्यायात हाच पौल इफिसला, म्हणजे आशियातच, दोन वर्षांहून अधिक राहतो. डोंगरवाट, तुमची कॉलेजची पोरं कुठे पळून जात नाहीत.

रात्रपाळी

मास्तर, लुदियाचं हे मी नर्सिंगच्या होस्टेलपासून ऐकतेय, पण गाव नकाशात कधी पाहिलं नव्हतं. धन्यवाद.

कोयता_आणि_पाटी

मी इथे फारसा लिहीत नाही. माझे आईवडील वीस-बावीस हंगाम तोडीला गेलेत. मी कोपीत (तळावरच्या झोपडीत) वाढलो, साखरशाळेत, म्हणजे तोडणाऱ्यांच्या मुलांसाठीच्या हंगामी शाळेत, बाराखडी शिकलो. आता शिक्षक आहे.

पास्टरसाहेब, राग मानू नका. तुम्ही लिहिलंय की मंडळी उठून गेली. आमच्या बाजूने ते असं दिसायचं की पाळक मागे राहिले. दर दिवाळीनंतर पाच-सहा महिने आम्हाला चर्च नाही. आई फडात मोळी बांधता बांधता भजनं म्हणायची, तेवढंच. नाताळ कधी आला कधी गेला कळायचं नाही, कारण कारखाना नाताळला थांबत नाही. रविवारही नसतो. पहाटे तीनला गाडी आली की उठायचं आणि भरायचं.

माझी धाकटी बहीण तळावर तापाने फणफणली तेव्हा प्रार्थना करायलाही कुणी नव्हतं. ती वाचली. शेजारच्या कोपीतल्या वंजारी काकूंनी रात्रभर पट्ट्या ठेवल्या.

तुमची माणसं कुठल्या कारखान्यावर आहेत ते मुकादमाला विचारलं तर पाच मिनिटांत कळेल. बैलगाडीवाले असतील तर कारखान्याजवळच्या तळावर एकत्र सापडतील. ट्रॅक्टरच्या टोळ्या असतील तर फडाफडाने फिरावं लागेल, आज इथे उद्या तिथे. योजना-बिजना मला कळत नाही.

डोंगरवाट

दादा, तुमचा प्रतिसाद रात्री वाचला. सकाळी आजीबाईंकडे गेलो, त्यांच्या मुलाचा नंबर घेतला. आमच्यातली बरीचशी कुटुंबं सांगली जिल्ह्यात एकाच तळावर आहेत, दोन टोळ्या कर्नाटकात. मुकादम फोनवर पहिल्यांदा वैतागला. त्याला वाटलं मी कुणी संघटनेचा किंवा पत्रकार. मग म्हणाला, 'या, पण काम अडलं नाही पाहिजे.'

शिबिराचे पैसे तसेच पडून आहेत. त्यातून प्रवास होईल. मुलांसाठी नाटिकेचे कपडे शिवून घेतलेत, तीन मागी (बाळ येशूला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी) आणि मेंढपाळ, ते घेऊन जावेत का? वेळ कुठली धरू? उपासना किती लांब ठेवावी?

कोयता_आणि_पाटी

कपडे न्या. पोरं खूश होतील, मेंढपाळ तर घरचेच आहेत.

दुपारी जेवणानंतर अर्धा-पाऊण तास मोकळा मिळतो, नाहीतर संध्याकाळी चूल पेटायच्या वेळी. लांबलचक संदेश नको, लोक बसल्या जागी झोपतात, तुमचा दोष नसतो. हार्मोनियम नको, धूळ फार. खंजिरी आणि टाळ पुरे. फक्त ख्रिस्ती कोप्यांपुरतं करू नका, एका रांगेत सगळेच असतात, खाऊ सगळ्यांना द्या नाहीतर आमच्याच माणसांना नंतर ऐकून घ्यावं लागतं. आणि धर्म वाढवायला आलेत असा गवगवा झाला तर मुकादम पुन्हा पाय ठेवू देणार नाही. आपल्या माणसांना भेटायला आलोय, एवढंच सांगा. ते खरंही आहे.

रात्रपाळी

पास्टर, एखादी नर्स किंवा डॉक्टरबाई सोबत मिळत असेल तर बघा. ऊसतोडीच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ मध्ये बीडहून आल्या होत्या, सगळ्यांना आठवत असेल. अंगावरचं दुखणं त्या पुरुषांसमोर बोलत नाहीत. फुकट गोळ्या वाटून येऊ नका. ऐकून घ्या, आणि जवळचं सरकारी आरोग्य केंद्र कुठलं, तिथे कुणाला भेटायचं, ते लिहून द्या. मी सांगलीपासून फार लांब नाही. सुट्टी मिळाली तर येते, व्यक्तिगत निरोपात तारीख कळवा.

वसईची_लेक

केकसाठी काही पाठवू का? आमच्याकडे नाताळला घरोघरी इतका फराळ होतो की अर्धा वाटूनच संपवतो.

प्रश्नचिन्ह

जा, नक्की जा. माझा कशालाच विरोध नाही.

फक्त एक राहिलं. करिंथकरांस दुसरं पत्र, पहिला अध्याय. पौलाने भेटीला येतो म्हणून सांगितलं आणि बेत बदलला. करिंथकर चिडले, हा माणूस एकाच तोंडाने होय होय आणि नाही नाही म्हणतो. त्यावर पौलाने 'प्रभूची इच्छा' म्हणून विषय मिटवलेला नाही. का आलो नाही त्याचं कारण त्याने लिहून दिलं, तुमची गय करावी म्हणून आलो नाही, आणि त्यासाठी देवाला साक्षी ठेवलं. प्रेषित असून त्याला खुलासा द्यावासा वाटला.

तेव्हा तुमच्या कमिटीलाही एक पत्र जाऊ द्या. शहरातलं काम का रद्द झालं ते विचारा, आणि हंगामात मंडळी तळावर असते, तर पाळकाचे सहा महिने तिकडचे धरून प्रवासखर्च मंजूर करा असंही लिहा. तुमच्यानंतर जो येईल त्याला दिवाळीनंतर रिकामे बाक बघून हा धागा पुन्हा काढायला लागू नये.

निवृत्त_मास्तर

प्रश्नचिन्ह, या एका बाबतीत तुमच्याशी पूर्ण सहमत. मसुदा मी तपासून देतो, शुद्धलेखनासकट.

डोंगरवाट

पत्र लिहायला घेतलंय. मास्तर, उद्या पाठवतो.

वसईची_लेक, फराळ चालेल, पण एसटीने आठवडा लागेल, तेव्हा टिकेल असंच काही. रात्रपाळी ताई, २३ तारखेला संध्याकाळी तळावर पोहोचायचं धरलंय, निरोप केलाय. दादा, एक विचारायचं राहिलं, कर्नाटकातल्या दोन टोळ्या ट्रॅक्टरच्या आहेत. त्यांना गाठायचं कसं?

कोयता_आणि_पाटी

ट्रॅक्टर ड्रायव्हरचा नंबर घ्या, मुकादमाचा नाही. आज फड कुठे आहे ते त्यालाच माहीत असतं.